झायलॉग ८५३०: पत्ता ओळखणारी चिप

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनचं सिरियल कार्ड (एकेक बिट करून डेटा पाठवणारं) बंद पडलं, तेव्हा त्यातली ही चाळीस पायांची झायलॉग ८५३० चिप मी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शोधून आणली. तिसऱ्या दुकानात मिळाली. जुन्या मॅकिंटॉशमध्येही हीच असायची.

एका चिपमध्ये दोन स्वतंत्र चॅनेल. एकावर साधं असिंक्रोनस (वेगळ्या क्लॉकशिवाय, एकेक बाइट सुटा पाठवणारं) लावून पीसी जोडला, दुसऱ्यावर एसडीएलसी, म्हणजे डेटा फ्रेममध्ये, पाकिटासारखा बांधून पाठवायची पद्धत. मला खरी आवडली ती एसडीएलसीची बाजू. फ्रेमच्या दोन्ही टोकांना ०११११११० हा फ्लॅग असतो. डेटात तसाच आकडा येऊन गोंधळ होऊ नये म्हणून लागोपाठ पाच १ गेले की चिप स्वतः एक ० घुसवते, आणि पलीकडची तो काढून टाकते. सीआरसी, म्हणजे वाटेत डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा, तोही तीच तपासते. प्रोसेसरला यातलं काहीच करावं लागत नाही!

आमच्या एकाच वायरवर चार ड्राइव्ह आहेत. प्रत्येकाच्या चिपमधल्या राइट रजिस्टर ६ मध्ये (रजिस्टर म्हणजे चिपमधला सेटिंग भरायचा कप्पा) त्याचा पत्ता भरला, रजिस्टर ३ मधला ॲड्रेस सर्च बिट चालू केला, की ज्याचं पाकीट त्यालाच मिळतं, बाकीचे ढुंकूनही बघत नाहीत. एफएफ (आठही बिट १) हा पत्ता मात्र सगळ्यांना पोचतो.

तक्रार एकच: रजिस्टर भरायचा क्रम चुकला की चिप गप्प बसते. आधी रजिस्टर ४ मध्ये मोड ठरवा, मगच रिसीव्हर चालू करा. माझे दोन दिवस यातच गेले. आलेला डेटा साठवणारा रिसीव्ह बफरही तीनच बाइटचा, त्यामुळे इंटरप्ट (प्रोसेसरला ‘डेटा आला’ असं सांगणारा इशारा) वेळेवर घ्यायलाच हवा. वेग जास्त असेल तर हिचीच सुधारित चिप ८५२३० घ्या, त्यात आठ बाइट मावतात.