बायबल ॲपमधला लीगलिझमवरचा कोर्स : रिव्ह्यू (स्ट्रीकसकट)

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझी तक्रार अशा बऱ्याच ॲप्सना लागू पडेल. त्यात लीगलिझमवर, म्हणजे नियम पाळून देवाकडे जागा कमवायच्या वृत्तीवर, सहा आठवड्यांचा कोर्स आहे, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राचे अध्याय सहा म्हणून आठवड्याला एक, रोज वीसेक मिनिटांचा ऑडिओ आणि खाली एक प्रश्न. मी पूर्ण केला, म्हणजे जवळजवळ, ते पुढे सांगते.

शिकवणारा माणूस भारी आहे. पहिल्याच दिवशी त्याने एक गोष्ट दाखवली जी इतकी वर्षं वाचून माझ्या डोक्यात आली नव्हती. पौल बहुतेक पत्रांत सुरुवातीला देवाचे आभार मानतो, अगदी करिंथकरांसाठी पण, जिथे मंडळीत एवढी भांडणं चालली होती, आणि गलतीकरांना मात्र सलाम झाला की डायरेक्ट "मला आश्चर्य वाटतं" वर येतो. एवढा का भडकलाय तर तिथे कोणीतरी येऊन सांगत होतं की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ना, छान, आता सुंता पण करून घ्या म्हणजे पक्कं होईल. हे "म्हणजे पक्कं होईल" जे आहे ना तिथेच लीगलिझम सुरू होतो असं तो म्हणतो, आणि मला पटलं. मी आपली समजत होते की खूप नियम पाळणारा तो लीगलिस्ट. पण नियम एकच असू दे आणि तोही चांगला असू दे, त्याच्या जोरावर देवाकडे हिशेब मागायला गेलात की झालं. लूकच्या शुभवर्तमानातला, अध्याय १८ मधला परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटातला माणूस) बघा, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, यात वाईट काय आहे? फक्त प्रार्थनेत देवाला स्वतःचा बायोडेटा वाचून दाखवत होता आणि वर मागच्या जकातदाराशी तुलना.

दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, मजेत जेवत होता, याकोबाकडची सुंता मानणारी माणसं आली तसा हळूच मागे सरकला, पौलाचा सोबती बर्णबा पण त्याच्या मागोमाग, आणि पौलाने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. पेत्राचं मत बदललं नव्हतं हो, फक्त कोण बघतंय ते बदललं होतं. इथे मी ऑडिओ पॉज केला, कारण चर्चमधलं कोणी शेजारी असलं की माझी प्रार्थना आपोआप लांबते हे मला माहितीये.

आता खटकलं ते. लीगलिझमला त्यांनी सगळीकडे "कायदेवाद" म्हटलंय, ऐकताना कोर्टात बसल्यासारखं वाटतं. कर्मठपणा म्हणा ना सरळ, पण त्यातही गोची आहेच, कर्मठ म्हटलं की कायम दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा डोळ्यासमोर येतो. मग परूश्यांना सरसकट व्हिलन केलंय. १९७७ मध्ये बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्सने मांडलं होतं की त्या काळचे यहुदी नियमशास्त्र (मोशेचे नियम) पाळायचे ते देवाने आधीच करारात घेतलंय म्हणून, करारात जागा कमवायला म्हणून नाही. त्यावर अभ्यासकांचे वाद आजही आहेत, सगळं पटायलाच हवं असं नाही, पण साधा उल्लेख तरी? आणि गलतीकरांस ५:१२ तर गुपचूप गाळलंय. पौल तिथे काय बोलतो ते स्वतः काढून वाचा, मी टाइप करणार नाही.

नियमशास्त्राला पौल "बालरक्षक" म्हणतो त्यावर मात्र मस्त वेळ दिलाय. मूळ शब्द त्या घरगुती गुलामासाठीचा, जो मुलावर लक्ष ठेवायचा, त्याला गुरुजींकडे नेऊन सोडायचा, आणि मुलगा मोठा झाला की त्याचं काम संपलं. मग पुढचा प्रश्न येणारच की म्हणजे आता काहीही केलं तरी चालतं का, रोमकरांस ६ मध्ये पौल स्वतःच तो घेतो, याकोबाच्या पत्रातलं "क्रियांवाचून विश्वास निर्जीव" पण आहे. या सगळ्याला कोर्समध्ये जेमतेम पाच मिनिटं, घाईघाईत.

आणि आता स्ट्रीक. रोज धडा पूर्ण केला की ज्योत पेटते, एक दिवस चुकला की आकडा शून्य. पंचविसाव्या दिवशी रात्री ११:५२ ला आठवलं, पांघरुणात फोन घेतला, ऑडिओ म्यूट करून शेवटपर्यंत ओढला, "आज मनाला काय भिडलं" मध्ये "छान" टाइप केलं, ज्योत पेटली, झोपले. सकाळी लाज वाटली म्हणून तोच धडा नीट ऐकला तर तो ४:१०-११ वर होता, तुम्ही दिवस, महिने, सणाचे काळ, वर्षं पाळता, मला तुमची भीती वाटते!! एकटीच हसत बसले.

स्ट्रीक बंद करायचं सेटिंग कुठेच सापडलं नाही, नोटिफिकेशन तेवढं बंद होतं. सपोर्टला विचारलं तर म्हणे महिन्याला दोन "माफीचे दिवस" मिळतात, ते वापरा. कृपा पण मोजून दोन.

कोर्सला पाचपैकी चार, ॲपला दोन. सहाव्या आठवड्याचे तीन धडे अजून राहिलेत, आकडा केव्हाच शून्यावर आलाय, ऐकेन सावकाश.