ऑईल प्रेशरचा दिवा लागला: सेंसर बदलायचा, गेज लावायचा की स्कॅनरवाल्याला बोलवायचं?

पोकलेन किंवा जेसीबीच्या डॅशवर ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला की साईटवर तीन सल्ले हमखास मिळतात. ऑपरेटर म्हणतो, "भाऊ, सेंसरच गेला असंल, बदलून टाका." नागपूरच्या वाडीतला जुना मिस्त्री म्हणतो, आधी गेज, म्हणजे दाब मोजायचा मीटर, लावून पाहू. मशीन नवी असली तर कंपनीचा माणूस फोनवरूनच बजावतो, लॅपटॉप किंवा स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय कशालाच हात लावू नका. एक-दोन मशीनच्या मालकाने पैसा आधी कशावर घालायचा? माझं मत विचाराल तर गेजवर.

काहीही ठरवण्याआधी इंजिन बंद करा. "एवढा डंपर भरून घेतो" हे वाक्य क्रँक आणि बेअरिंगला फार महाग पडतं. मशीन सपाट जागेवर उभी करा, थोडं थांबून डिपस्टिक पाहा. ऑईल कमी असेल तर उत्तर तिथेच सापडलं. ऑईल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑईल दाब धरत नाही, मग सेंसर कितीही नवा बसवा.

सेंसर बदलण्याचा मोह समजण्यासारखा आहे. जुन्या मशीनवरचा एका वायरचा स्विच स्वस्त असतो आणि काम पाना घेऊन होतं. पण यात एक फसगत आहे. सेंसर आणून बसवेपर्यंत इंजिन थंड होतं आणि ऑईल घट्ट होतं. स्टार्ट मारला की दाब छान उभा राहतो, दिवा लागत नाही, सगळे खूश. मे महिन्यात पाचगावच्या खदानीत पारा ४५ च्या घरात गेला, मशीन दोन तास राबली, की दिवा पुन्हा हजर. तोवर झिजलेली बेअरिंग आणखी झिजलेली असतात. म्हणून थंड इंजिनवर दिवा विझला, हा सेंसर खराब असल्याचा पुरावा मानू नका.

एका वायरच्या स्विचची तपासणी फुकटात होते. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. दिवा लागायला हवा. आता स्विचची वायर काढा. दिवा विझायला हवा. वायर काढूनही तो जळत राहिला, तर स्विचचा दोष नाही, वायर कुठेतरी घासून बॉडीला अर्थ झाली आहे. विझला, तर एक तर स्विच खराब आहे, नाही तर दाब खरंच कमी आहे. या दोघांतला फरक फक्त गेज सांगतो. जाता जाता: हा स्विच बॉडीतूनच अर्थ घेतो, त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारू नका.

गेज म्हणजे ० ते १० बारचा मीटर, होज आणि चार-पाच अडॅप्टर. दोन-चार हजारांचा खेळ. सेंसर काढून त्याच भोकात गेज बसवायचा, इंजिन कामाच्या तापमानाला आणायचं, मग आयडलला आणि पूर्ण रेसला किती दाब येतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. थंड रीडिंगला किंमत नाही. काळजी घ्यायची ती आट्यांची. मेट्रिक, एनपीटी आणि बीएसपी हे आट्यांचे प्रकार दिसायला सारखे वाटतात. चुकीचा अडॅप्टर जोर लावून पिळला तर ब्लॉकच्या आट्याच जातात. गेज वायरिंगबद्दल काही सांगत नाही, ही त्याची मर्यादा. पण इंजिन धोक्यात आहे की नाही, हे तो कुणाच्या मध्यस्थीशिवाय सांगतो.

२०२१ पासून चाकांच्या मशीनना सीईव्ही स्टेज ४ हा धुराचा नियम लागू झाला, तेव्हापासून ईसीएमवाली (कॉम्प्युटरवर चालणारी) इंजिनं नागपुरातही सर्रास दिसतात. तिथे स्कॅनरचं महत्त्व खरं आहे. जे१९३९ या मशीनच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एसपीएन म्हणजे बिघाड कशात आहे तो नंबर, आणि एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑईल प्रेशर. त्याच्या पुढचा एफएमआय, म्हणजे बिघाड कसा आहे तो नंबर, पाहा. ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. दोन्ही बहुतेक वेळा वायर, कप्लर (वायर जोडायचा प्लग) किंवा सेंसरची भानगड. १ आला तर ईसीएमच्या मते दाबच धोक्याइतका घसरला आहे. पण ईसीएमला जे कळतं ते सेंसरच्याच तोंडून कळतं, म्हणून १ आल्यावरही गेज लावावाच लागतो. स्कॅनरचं लाईव्ह रीडिंग आणि गेज एकाच वेळी पाहिले आणि दोन्ही जुळले, तर सेंसर निर्दोष सुटला, आता इंजिन उघडायची तयारी ठेवा.

एफएमआय ३ किंवा ४ असेल तर साधा मल्टीमीटर आणि वायरिंगचा नकाशा पुरतो. तीन वायरच्या सेंसरला साधारण ५ व्होल्ट सप्लाय असतो. बऱ्याच इंजिनांत सेंसरचा कप्लर काढल्यावर ४ चा ३ झाला, तर शॉर्ट सेंसरमध्ये होता. ४ तसाच राहिला, तर बहुधा हार्नेसमध्ये, म्हणजे वायरच्या जुडग्यात. एकदम तीन-चार सेंसरचे कोड आले, तर ऑईल सेंसरच्या मागे लागू नका. सामाईक ५ व्होल्टची लाईन कोणीतरी खाली ओढतंय. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती प्रेशर वॉशरने धुतात आणि पाणी थेट कप्लरमध्ये शिरतं. उभ्या मशीनची वायर उंदीर कुरतडतात, ते वेगळंच. कप्लरच्या आत ऑईल दिसलं तर मात्र सेंसर आतून फुटलाय. तिथे बिनधास्त बदला.

स्कॅनर विकत घ्यावा का? सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालणारा चांगला स्कॅनर लाखांत जातो, वर सॉफ्टवेअरचं नूतनीकरण. कारसाठी मिळणारा स्वस्त ब्लूटूथवाला मशीनच्या नऊ पिनच्या सॉकेटवर चालत नाही. बऱ्याच मशीनच्या मॉनिटरवरच सर्व्हिस मेनूत कोड दिसतो, तो आधी पाहा. एक-दोन मशीन असतील तर गेज आणि मल्टीमीटर घरात ठेवा, स्कॅनरवाल्याला गरजेपुरतं बोलवा. आठ-दहा ईसीएमवाल्या मशीन उमरेड, सावनेरच्या बाजूला विखुरलेल्या असतील आणि दर वेळी माणूस यायला दिवस मोडत असेल, तर स्कॅनरचा हिशोब बसू शकतो. वॉरंटीतल्या मशीनवर मात्र दिवा लागला की कंपनीलाच कळवा आणि स्वतः काही उघडण्याआधी मॉनिटरवरच्या कोडचा, तास-मीटरचा फोटो काढून ठेवा.