कॉक्सबझारचा ‘वॉश सेक्टर’: बैठकीपेक्षा छावणीतील माणूस मोलाचा

बांगलादेशातील कॉक्सबझार जिल्ह्यात रोहिंग्या निर्वासितांसाठी पाणी, शौचालये आणि आरोग्यविषयक सवयी यांवर काम करणाऱ्या संस्थांना एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेला ‘वॉश सेक्टर’ म्हणतात (‘वॉश’ म्हणजे पाणी, स्वच्छता व आरोग्यसवयी यांच्या इंग्रजी नावांचे लघुरूप). बांगलादेश सरकारचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग, युनिसेफ आणि ‘ॲक्शन अगेन्स्ट हंगर’ ही संस्था यांनी मिळून ती उभी केली. कोणत्या छावणीत कोण काम करणार, मानके कोणती पाळायची आणि उणीव कुठे आहे, हे सांगणे हे तिचे काम. बदल्यात प्रत्येक संस्थेने ‘कोण, काय, कुठे, केव्हा’ हा तक्ता नियमित भरून द्यायचा असतो. सेवा म्हणून तिचे मोल काय, एवढाच येथील प्रश्न आहे.

पहिल्या काही महिन्यांच्या कामगिरीला चांगले गुण देता येत नाहीत. २५ ऑगस्ट २०१७ नंतर अवघ्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे म्यानमारमधून सीमा ओलांडून आली आणि कुतुपालोंग या छावणीभोवतीच्या टेकड्यांवरील जंगल तोडून, कोणताही आराखडा नसताना, झोपड्या उभ्या राहिल्या. जागा मिळेल तिथे उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांच्याच शेजारी शौचालयांचे खड्डे आले. वास्तविक शौचालय आणि पाण्याचा स्रोत यांच्यात किमान ३० मीटर अंतर असावे, हा ‘स्फिअर’ या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांतील नियम या क्षेत्रातल्या नवख्यालाही पाठ असतो. मात्र सेक्टरच्या समन्वयकाच्या हाती ना स्वतःचा मोठा निधी असतो, ना कोणाला थांबवण्याचा अधिकार; त्यातच अनेक खासगी देणगीदार सेक्टरला न विचारताच हातपंप बसवून परतत होते. त्यामुळे या गोंधळाचा सगळा दोष सेक्टरच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. पुढे अनेक सदोष कूपनलिका बंद कराव्या लागल्या, खोल विहिरी घेतल्या गेल्या आणि सौर पंपांवर चालणाऱ्या, क्लोरीन मिसळलेल्या पाण्याच्या नळयोजना आल्या.

या सेवेचा सर्वांत उपयुक्त भाग जिल्हा पातळीवरील बैठकीत सापडत नाही, तो छावणीत सापडतो. प्रत्येक छावणीसाठी वॉशची एक जबाबदार संस्था नेमलेली असते आणि तिचा माणूस इतर संस्थांची कामे, तक्रारी आणि मोकळ्या जागा यांचा हिशेब ठेवतो. कोणत्या उतारावर मैला उपसणारी गाडी पोहोचत नाही आणि कोणत्या नळावर सकाळी भांडणे होतात, हे त्यालाच ठाऊक असते. असा माणूस पूर्णवेळ असला तर छावणीचे काम सुरळीत चालते. मात्र त्याच्यावर स्वतःच्या संस्थेचे प्रकल्पही लादलेले असले, की समन्वय उरलेल्या वेळेत होतो आणि निर्णयांत आपल्या संस्थेकडे झुकण्याचा संशयही मागे लागतो. निधी कमी पडला की सर्वप्रथम ही पदे जोडकामाची केली जातात, हे मला या व्यवस्थेतील सर्वांत महागडे काटकसरीचे पाऊल वाटते.

मनुष्यबळाची दुसरी उणीव वरच्या पातळीवर आहे. आणीबाणीत धाडलेले समन्वयक आणि माहिती व्यवस्थापक काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी येतात. त्यांना टेकड्या आणि माणसे समजू लागतात तोच त्यांची मुदत संपते. चितगावी बोलणारे स्थानिक कर्मचारी, ज्यांची बोली रोहिंग्यांना बरीचशी समजते, ते मात्र टिकतात. बैठका इंग्रजीत चालत असल्यामुळे नेमक्या त्यांच्याच म्हणण्याला तिथे वजन मिळत नाही. रोहिंग्या स्वयंसेवकांना रीतसर नोकरी देता येत नाही, त्यांना केवळ मानधन मिळते. तरीही घरोघरी जाऊन साबण, हात धुणे आणि पाणी साठवणे यांविषयी बोलण्याचे बरेचसे काम तेच करतात. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचायचे तर स्त्री स्वयंसेविका हव्यातच, कारण दिवसाउजेडी शौचालयाकडे जाणे टाळण्यासाठी कमी पाणी पिणाऱ्या बायका आपली अडचण पुरुष अभियंत्याला सांगत नाहीत.

आता त्या तक्त्याविषयी. कोणती संस्था कुठे आहे हे त्यावरून चटकन कळते आणि एकाच वस्तीत दोन संस्था जाऊन धडकण्याचे प्रकार टळतात, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. परंतु तो बांधलेल्या गोष्टी मोजतो. मैल्याने भरून बंद पडलेले शौचालयही, कोणी मुद्दाम वगळेपर्यंत, त्यात उभेच असते. दर २० माणसांमागे एक शौचालय हे स्फिअरचे प्रमाण कागदावर गाठले, तरी उपसा थांबल्यावर त्याला अर्थ राहत नाही. म्हणूनच ऑक्सफॅम या मदतसंस्थेने कुतुपालोंगमध्ये दीड लाख लोकांच्या मैल्यावर प्रक्रिया करू शकेल असे केंद्र उभारले, ते मला शौचालयांच्या कोणत्याही नव्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

तिथे नव्याने काम सुरू करणाऱ्या संस्थेने सेक्टरची नोंदणी आणि मानके अवश्य घ्यावीत, मात्र जागा ठरवण्यापूर्वी छावणीतील जबाबदार माणसाबरोबर ती वस्ती पायी फिरून पाहावी. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील टेकनाफ भागातल्या छावण्यांत तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण तिथे भूजल अपुरे आहे आणि कुतुपालोंगमध्ये चाललेली कूपनलिकेची योजना तिथे तशीच उचलून नेता येत नाही.