सव्वा वर्ष वापरून: हॉलमध्ये लॅमिनेट, झोपायच्या खोल्यांत लाकूड

घर नव्याने करून घेताना भिंतींचा रंग एका संध्याकाळी ठरला, फरशीवरून मात्र दोन महिने वाद चालला. नवऱ्याला खरं लाकूडच हवं होतं. माझं म्हणणं, दोन मुलं, एक कुत्री आणि काठी टेकत चालणारे सासरे असलेल्या घरात लाकूड घालणं म्हणजे रोजची डोकेदुखी. शेवटी तह झाला. वर्दळीचा हॉल आणि मुलांची खोली यांत लॅमिनेट, आमच्या आणि सासऱ्यांच्या खोलीत लाकूड. त्यामुळे दोन्ही एकाच छपराखाली, एकाच कुटुंबाच्या पायाखाली वापरून बघता आली. आता पुन्हा ठरवायचं झालं तर वाटणी बदलेन.

आधी घेतलं काय ते सांगते. लॅमिनेट 10 मिलिमीटर जाडीचं. हे लाकूड नाही, लाकडाचा फोटो आहे. खाली लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ बोर्ड, त्यावर छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर. त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. पॉलिश पेपरवरही हेच कण वापरतात, म्हणजे ओरखडे काढणाऱ्यालाच पहाऱ्यावर बसवलंय. लाकूड घेतलं ते एंजिनिअर्ड ओक: खाली प्लायवूड, वर 4 मिलिमीटर खरा ओक, आणि पॉलिश तेलाचं. अख्ख्या लाकडाच्या फळ्या घेतल्या नाहीत, कारण हवा दमट झाली की त्या आडव्या फुगतात आणि कोरडी झाली की आकसतात. प्लायवूडला चिकटवलेला थर तेवढा हलत नाही.

पहिले सहा महिने मीच बरोबर होते. लॅमिनेटवर कुत्रीच्या नखांचा ओरखडा नाही, खेळण्यातल्या गाड्यांचा नाही, मुलीच्या अभ्यासाच्या, चाकं असलेल्या खुर्चीचा नाही. सांडलेली शाईसुद्धा ओल्या फडक्याने निघाली. तिकडे लाकडावर पहिल्याच आठवड्यात पलंग सरकवताना हातभर लांब रेघ उठली. सासऱ्यांच्या काठीची रबरी टोपी झिजली होती, हे आम्हाला फरशीने कळवलं: पलंगापासून दारापर्यंत छोट्या गोल खळग्यांची रांग. मी नवऱ्याकडे नुसतं बघत असे. तो काही बोलत नसे.

मग एका रात्री मुलाची पाण्याची बाटली सोफ्याजवळ आडवी पडून गळत राहिली. सकाळी पुसून घेतलं आणि विसरलो. चार दिवसांनी त्या जागी पाय अडखळायला लागला. तीन फळ्यांच्या सांध्याच्या कडा फुगून वर आल्या होत्या. मला वाटलं, वाळलं की बसेल. बसलं नाही. एचडीएफमधले तंतू जबरदस्तीने दाबून बसवलेले असतात. पाणी मिळालं की ते मोकळे होतात, आणि वाळल्यावर पुन्हा दाबले जात नाहीत. आज आठ-नऊ महिने झाले, तो उंचवटा तसाच आहे.

दुकानात आम्हाला एसी 4 हा आकडा मोठ्या कौतुकाने सांगितला होता. एसी म्हणजे अब्रेजन क्लास, घासून झिजण्याची परीक्षा. पाण्याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. लॅमिनेट फ्लोअरिंग स्वीडनमध्ये 1977 साली शोधलं गेलं, तेव्हा सांध्यांना गोंद लावावा लागे. नव्वदच्या दशकात क्लिक करून बसवायची पद्धत आली आणि काम झटपट झालं, पण पाण्याची वाट अडवणारा तो गोंदही गेला. आता सांध्यावर मेण किंवा तत्सम लेप दिलेल्या फळ्या मिळतात. घेणार असाल तर जाडी आणि एसीच्या आधी तेच विचारा.

योगायोग असा, की पुढे महिनाभरात सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या रात्री कलंडला. तिथेही पाणी सकाळपर्यंत राहिलं. ओकच्या दोन फळ्या कडेला किंचित उचलल्या आणि मधे पांढरट डाग पडला. मी मनातल्या मनात खर्च मांडत होते. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ताई, महिनाभर हात लावू नका. पंखा चालू ठेवा आणि वाट बघा." तीन आठवड्यांत फळ्या जवळजवळ सपाट झाल्या. डागावर बारीक पॉलिश पेपर फिरवून तेल लावलं. आता जागा दाखवायची म्हटलं तरी मला शोधावी लागते.

काठीच्या खळग्यांचं तर मला अजून नवल वाटतं. मिस्त्रींनीच सांगितलेला उपाय: ओलं फडकं घडी करून खळग्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवायची. वाफेने दबलेले तंतू पुन्हा फुगतात. पंधरा-वीस खळगे असे उठवले. दोन-तीन हट्टी राहिले. (हे तेलाच्या पॉलिशवर जमतं. वर प्लास्टिकसारखा चकचकीत थर असेल तर वाफ आत जात नाही, उलट तोच थर खराब होईल.) लॅमिनेटवर मात्र हातातून हातोडी पडली आणि टवका उडाला, तर आतला तपकिरी बोर्ड दिसायला लागला. रंग जुळणारी मेणाची कांडी भरली. उभ्याने दिसत नाही, जमिनीवर बसलं की दिसते.

लाकडाचं सगळंच गोड आहे असं नाही. खिडकीजवळचा ओक उन्हाने पिवळसर गडद झाला आणि सतरंजी उचलली तर खाली फिकट चौकोन. कोरड्या दिवसांत फळ्यांमध्ये नखाएवढी फट पडते, त्यात केसांपासून टाचणीपर्यंत सगळं जातं. वर्षातून एकदा तेल लावायचं, म्हणजे खोली रिकामी करायची. पूर्ण तासून नवं करायची सोय आहे खरी, पण 4 मिलिमीटरच्या थरात ती दोन-तीनदाच. लॅमिनेटला यातलं काहीच लागत नाही. फक्त तासायची सोय त्यात एकदाही नाही.

आवाजाचं कोणी आधी सांगत नाही. रात्री कुत्री हॉलमध्ये फिरली की टक टक टक टक, घरात कोणी टाइपरायटर चालवतंय असं वाटतं. मात्र इथे तुलना सरळ नाही. लॅमिनेट पातळ फोमवर नुसतं टेकवलेलं आहे, ओक खालच्या काँक्रीटला चिकटवलेला. फोममध्ये काटकसर मी केली होती, म्हणून ही तक्रार माझ्याच नावावर.

बसवण्यातली एक चूकही आमचीच. भिंतीलगत 10 मिलिमीटर जागा सोडायला मिस्त्रींनी सांगितलं होतं, ती सोडलीही. नंतर आम्ही हॉलमधलं जड कपाट फळ्यांच्या आरपार स्क्रूने जमिनीला जखडलं. टेकवलेल्या फरशीला सरकायला जागा लागते, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. दमट दिवस आले आणि हॉलच्या मधोमध फरशी फुगून वर आली. स्क्रू काढल्यावर दोन दिवसांत खाली बसली.

आणि हो, फोटोचा फोटोपणा. तिसऱ्या महिन्यात मुलीने एकच गाठ हॉलमध्ये सात ठिकाणी शोधून काढली. त्याआधी मला एकही दिसली नव्हती, आता सातही दिसतात.

तर पुन्हा करायचं झालं तर मुलांच्या खोलीत लॅमिनेटच, डोळे झाकून. तिथे घासाघीस जास्त आणि पाणी कमी. पण हॉलमध्ये, जिथे दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी सांडतं, तिथे ओक घालेन आणि त्याचे ओरखडे सोसेन. बाथरूमच्या दारासमोरचा पट्टा दोन्हींतून वगळून टाइल लावेन. तिथे कुठलंच लाकूड, खरं की छापील, टिकेल असं मला वाटत नाही.

फुगलेल्या तीन फळ्या बदलायला मिस्त्री तयार आहेत, पण त्यासाठी भिंतीपासून एकेक रांग उकलत यावं लागेल, म्हणजे अर्धा हॉल उघडायचा. जास्तीचा एक बॉक्स पलंगाखाली जपून ठेवलाय. तूर्तास त्या जागेवर पायपुसणं आहे. सोफ्याजवळ पायपुसणं कशाला, असं पाहुणे विचारतात. नवरा लगेच म्हणतो, "हिला विचारा."