स्ट्राव्हा : राजारामपुरीच्या गल्ल्यांत अक्षरं गिरवायला कितपत चालतं?

स्ट्राव्हा म्हणजे चालण्या-धावण्याची वाट फोनच्या जीपीएसवरून नकाशावर उमटवणारं ॲप. चालत चालत नकाशावर शब्द काढायचा असेल, तर त्याच्या फुकट खात्यावर भागतं. मार्ग आधी आखून ठेवायची सोय तेवढी पैसे भरणाऱ्यांना आहे. निव्वळ त्यासाठी वर्गणी भरू नका. गुगल माय मॅप्सवर संगणकात हीच रेघ फुकट ओढता येते.

जागा निवडा कोल्हापुरातली राजारामपुरी. मुख्य रस्ता म्हणजे शिरोरेषा, गल्ल्या म्हणजे काने. असा आयता कागद शिवाजी पेठेत मिळायचा नाही. 'पा' काढायचा तर एका गल्लीतून खाली उतरा, आडव्या बोळातून शेजारच्या गल्लीत जा. तिथून आधी खाली टोकापर्यंत आणि मग त्याच वाटेने वर मुख्य रस्त्यावर. पुढच्या गल्लीत काना ओढून परत या आणि शिरोरेषा सुरुवातीपर्यंत मागे न्या. परतताना रस्त्याची बाजू बदलली की काना दुहेरी उमटतो.

'म'ला गाठ लागते. ती गाळली की 'मामा'चा 'पापा' झालाच! गाठीसाठी निदान 30 मीटर रुंद फेरा धरा, कारण उघड्या आभाळाखालीही फोनचा जीपीएस साधारण 5 मीटर इकडेतिकडे सरकतो. 'नाद खुळा' लिहायचा नाद मात्र सोडा. सरळ गल्ल्यांत 'द' आणि 'ळ' वळत नाहीत.

पॉझ करून पुढे गेलात आणि तिथून पुन्हा सुरू केलंत, तर दोन्ही बिंदू सरळ रेघेने जोडले जातात. म्हणून दोन शब्दांत मोकळी जागा सुटत नाही. पण 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ याच खोडीमुळे जमते : एका कोपऱ्यावर पॉझ, वळसा घालून समोरच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू.

पेठांच्या अरुंद बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेघ नागमोडी होते. रंकाळ्याच्या काठाने ती स्वच्छ येते, पण तिथे रंकाळाच काढता येतो.

निघण्याआधी अँड्रॉइडवर ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर नोंद मध्येच तुटते. मोकळ्यावर मिनिटभर थांबून सिग्नल पक्का होऊ द्या. मॅप व्हिजिबिलिटीही तपासा : सुरुवात-शेवट लपवायची सेटिंग चालू असेल, तर तुम्हाला अख्खा दिसणारा शब्द इतरांना दोन्ही टोकांना कुरतडलेला दिसतो. ती बंद करणार असाल, तर घराच्या दारातून सुरुवात करू नका.