आधी अभ्यास की आधी खेळ? ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आणि ‘सिव्हिलायझेशन ६’ यांची तुलना

नवा स्ट्रॅटेजी गेम घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक निर्णय घ्यावा लागतो. आधी व्हिडिओ पाहून, तक्ते वाचून, कोणती चाल केव्हा करायची हे ठरवून मग खेळायला बसावे, की सरळ नकाशा उघडावा आणि जे समोर येईल त्याला तोंड द्यावे? ज्यांना आठवड्यात जेमतेम तीन-चार तास मिळतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण तयारी कमी पडली तर महिनाभर केवळ हार पदरी येते आणि जास्त झाली तर खेळातले कुतूहलच संपून जाते. मला दोन्हींचा अनुभव आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, याचे उत्तर खेळाडूच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेत अधिक सापडते. खेळ चालू असताना तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो का, हे आधी तपासावे. ज्या खेळात तो मिळत नाही तिथे विचार घरून करून यावा लागतो, आणि जिथे भरपूर मिळतो तिथे विचार करणे हाच खेळ असल्यामुळे तो आधीच उरकून टाकण्यात नुकसान आहे. हा फरक स्पष्ट दिसावा म्हणून दोन अतिशय लोकप्रिय खेळ शेजारी ठेवून पाहू.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ मूळचा १९९९चा असून त्याची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ही सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०१९मध्ये आली. यात घड्याळ थांबत नाही. नेहमीच्या सामन्यात सुरुवातीला एक टाउन सेंटर (वस्तीची मुख्य इमारत), तीन व्हिलेजर (कामकरी), एक स्काउट (टेहळणी करणारा) आणि २०० अन्न हाती असते. एक व्हिलेजर तयार करायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. टाउन सेंटरमध्ये पाच जणांचीच सोय असते आणि चार जण सुरुवातीलाच हजर असतात, त्यामुळे पहिले घर लगेच बांधावे लागते. हातातल्या अन्नात चारच व्हिलेजर होतात, म्हणून तेवढ्या अवधीत मेंढ्या शोधून कामाला सुरुवात झालेली असली पाहिजे. सतरा नवे व्हिलेजर एकही क्षण वाया न घालवता तयार केले, तर ४२५ सेकंद, म्हणजे सात मिनिटे पाच सेकंद लागतात. नवखा खेळाडू पुढे काय करायचे या विचारात दोन मिनिटे टाउन सेंटर रिकामे ठेवतो, तेव्हा त्याचे जवळपास पाच व्हिलेजर जन्मालाच येत नाहीत, आणि हे नुकसान पुढच्या प्रत्येक मिनिटाला वाढत जाते.

या पहिल्या काही मिनिटांत निवड करण्यासारखे फारसे काही नसते. घर आत्ता बांधावे की नंतर, यात विचाराला वाव नाही. ते वेळेवर बांधायचेच असते. म्हणून ‘बिल्ड ऑर्डर’, म्हणजे काय कोणत्या क्रमाने करायचे याची यादी, पाठ करणे, हॉटकी (कीबोर्डवरची शॉर्टकट बटणे) बोटांत बसवणे आणि अन्नासाठी रानडुकराला टाउन सेंटरपर्यंत ओढून आणण्याचा सराव करणे ही घोकंपट्टी येथे पूर्णपणे योग्य आहे. तहान लागल्यावर विहीर खणायला या खेळात कोणी थांबू देत नाही. पाढे पाठ असले म्हणजे गणितातल्या खऱ्या प्रश्नाकडे लक्ष देता येते, तसेच हे आहे. खेळातच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे आहेत. त्यांत सुरुवातीची अर्थव्यवस्था कशी उभारावी हे वेळ मोजून करून घेतले जाते आणि कामगिरीप्रमाणे पदक मिळते. तीन-चार बैठका त्यांत घालवल्या, तर कितीतरी व्हिडिओ पाहूनही जे हाताला लागत नाही ते लागते.

मात्र ही घोकंपट्टी कुठे थांबवायची, हेही ठरवावे लागते. मी एकदा कॅसल एजपर्यंतची, म्हणजे खेळातल्या चारपैकी तिसऱ्या युगापर्यंतची, संपूर्ण योजना पाठ केली होती. सामन्यात प्रतिस्पर्ध्याने आठव्या-नवव्या मिनिटालाच माझ्या सोन्याच्या खाणीजवळ मनोरे उभारायला सुरुवात केली. मी ते पाहिले, पण पाठ केलेल्या यादीत त्याचा उल्लेख नसल्यामुळे पुढची पायरी गाठण्यातच गुंतून राहिलो आणि हरलो. हरल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. समोर एक माणूस काहीतरी धाडसी करत होता आणि मी त्याच्याशी खेळलोच नाही, याचे वाईट वाटले. तेव्हापासून मी फ्यूडल एजमध्ये (दुसऱ्या युगात) पोहोचेपर्यंतचीच चाल पाठ ठेवतो. त्यानंतर भाले घ्यायचे की धनुष्ये, भिंत घालायची की चढाई करायची, हे समोरच्याकडे पाहून ठरवण्यात या खेळाचा खरा आनंद आहे.

येथे आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत नव्या खेळाडूचे गुणांकन १०००पासून सुरू होते आणि निकालाप्रमाणे वर-खाली होत राहते, त्यामुळे प्रतिस्पर्धी साधारण तुमच्याच ताकदीचा मिळतो. तुम्ही खूप तयारी केली, तर काही दिवस जिंकाल, गुण वाढतील, आणि मग तितकीच तयारी केलेले लोक समोर येऊन विजयाचे प्रमाण पुन्हा निम्म्याच्या आसपास येईल. म्हणजे तयारीच्या बदल्यात जास्त विजय मिळत नाहीत, अधिक खोल आणि चुरशीचे सामने मिळतात. ज्याला तशा सामन्यांची ओढ आहे त्याने तयारी जरूर करावी. ज्याला केवळ जिंकण्याचे समाधान हवे आहे त्याला एवढ्या कष्टांनंतरही हाती पूर्वीइतकेच लागेल.

‘सिव्हिलायझेशन ६’ ऑक्टोबर २०१६मध्ये आला. हा खेळ पाळीपाळीने खेळायचा आहे. नेहमीच्या गतीने तो ५०० पाळ्यांपर्यंत चालू शकतो आणि एकट्याने खेळताना एका पाळीवर तासभर विचार केला तरी कोणी हटकत नाही. या मालिकेचे जनक सिड मायर यांनी खेळाचे वर्णन रंजक निर्णयांची मालिका असे केले आहे, आणि ते या खेळाला तंतोतंत लागू पडते. उदाहरणार्थ, विज्ञानासाठी असलेला कॅम्पस हा विभाग घ्या. शेजारी असलेल्या प्रत्येक डोंगरामागे त्याला एक जादा विज्ञानगुण मिळतो, म्हणून तो डोंगराच्या कुशीत बसवावासा वाटतो. पण तीच जागा कदाचित दुसऱ्या विभागासाठी किंवा एखाद्या जागतिक आश्चर्यासाठीही हवी असते. शहराच्या लोकसंख्येवर अशा विभागांची मर्यादा असते: पहिला लगेच, दुसरा लोकसंख्या ४ झाल्यावर, तिसरा ७ झाल्यावर. एकदा बसवलेला विभाग हलवता येत नाही. शिवाय नकाशाचा बराचसा भाग अंधारात असतो, आणि लोखंड किंवा कोळसा कुठे आहे हे त्या त्या शोधापर्यंत दिसतही नाही. अपुऱ्या माहितीवर दीर्घकाळ टिकणारा निर्णय घेणे हे या खेळाचे मर्म आहे. त्याचे तयार उत्तर कुठून तरी उचलून आणले, तर मागे उरते ती केवळ कारकुनी.

मी पहिल्यांदा हा खेळ काहीही न वाचता खेळलो. कॅम्पस शहराला लागून सपाट जमिनीवर बसवला आणि बऱ्याच पाळ्यांनंतर, शेजारी राष्ट्रे विज्ञानात पुढे निघून गेल्यावर, त्याची किंमत मला कळली. त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूला तीन डोंगर होते. पुढच्या डावात पहिला वसाहतकार हलवण्याआधी मी डोंगर शोधू लागलो. त्या शोधण्यात जो उत्साह होता, तो नंतर भरपूर वाचून खेळलेल्या डावांत मला पुन्हा क्वचितच मिळाला. त्यांपैकी एका डावात मी पहिल्या चाळीस पाळ्यांतच सगळ्या भावी शहरांचे विभाग नकाशावर खुणा करून ठरवून टाकले होते. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी तो डाव उघडला आणि त्यात शोधण्यासारखे काहीच उरले नव्हते, म्हणून अर्धवट सोडून दिला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’मधली चूक अर्ध्या-पाऊण तासात निकालात दिसते, तर ‘सिव्हिलायझेशन’मधली चूक कळायला दहा तास लागू शकतात, मग ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने तयारी न करता खेळणे परवडेल का? माझे म्हणणे असे की, अशा वेळी तयारी वाढवण्यापेक्षा डाव लहान करावा. ‘ऑनलाइन’ ही गती निवडली, तर पाळ्यांची मर्यादा २५०वर येते; लहान नकाशा घेतला, तर सांभाळायची शहरेही कमी होतात. चूक लवकर कळते आणि पुढचा डाव लवकर सुरू होतो. पहिला डाव संपल्यानंतर त्यातून स्वतःला पडलेले प्रश्न घेऊन वाचायला बसावे. प्रश्न स्वतःचा असला की उत्तर लक्षात राहते.

काठिण्यपातळी हा दुसरा मुद्दा. ‘सिव्हिलायझेशन ६’च्या ‘प्रिन्स’ या पातळीवर संगणकाला कोणतीही सवलत नसते. त्यापुढच्या पातळ्यांवर संगणक अधिक हुशार होत नाही, त्याला उत्पादनात, विज्ञानात आणि लढाईत जादा मिळत जाते. परिणामी सर्वांत वरच्या ‘डेइटी’ पातळीवर जिंकण्याच्या वाटा थोड्याच उरतात आणि हिशोब काटेकोर ठेवावा लागतो. ज्यांना हिशोबातच रस आहे त्यांच्यासाठी ती पातळी उत्तम आहे, आणि त्यांच्या आनंदाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. इतरांनी ‘प्रिन्स’ किंवा त्याच्या वरची एक पातळी निवडण्यात कमीपणा मानू नये.

पाठांतराने कंटाळा येतो ही तक्रार केवळ संगणकाच्या खेळांची नाही. बुद्धिबळात सुरुवातीच्या चालींचे पाठांतर फार वाढले, म्हणून बॉबी फिशर यांनी १९९६मध्ये मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवण्याचा प्रकार पुढे आणला. त्यात ९६० वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात आणि पहिल्याच चालीपासून दोघांनाही पटाकडे पाहून विचार करावा लागतो. संगणकाच्या खेळात दर वेळी नवा तयार होणारा नकाशा हेच काम करतो. त्यामुळे तोच तो पाठ असलेला नकाशा वारंवार निवडणाऱ्याने एकदा अनोळखी नकाशा घेऊन पाहावा.

या दोन टोकांच्या मधले खेळही आहेत. ‘एक्सकॉम २’ पाळीपाळीने चालतो, पण त्यात मेलेला सैनिक परत येत नाही आणि ‘आयर्नमॅन’ निवडल्यास एकच सेव्ह (जतन केलेला डाव) असल्यामुळे चाल मागे घेता येत नाही. तिथे शत्रूंचे प्रकार आधी वाचून घेण्याचा मोह होतो. मी तसे करण्यापेक्षा पहिली मोहीम ‘आयर्नमॅन’शिवाय खेळण्याचा सल्ला देईन. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९चा खेळ मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल, कारण त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येते आणि मोहीम १७००मध्ये सुरू होते. राज्यकारभार पाळीपाळीने आणि लढाई चालत्या घड्याळात, असे दोन्ही प्रकार त्यात एकत्र आहेत. या खेळाच्या बाबतीत मी एक वेगळी तयारी सुचवेन: त्या काळाबद्दल वाचा. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, औरंगजेबाच्या फौजा त्या वेळी साताऱ्याला वेढा घालून बसल्या होत्या आणि पुढे ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली, हे ठाऊक असलेला खेळाडू पहिल्या पाळीपासून वेगळ्या ओढीने खेळतो. असे वाचन कोणती चाल करावी हे सांगत नाही, पण प्रत्येक चालीला अर्थ देते. आनंद हमखास वाढवणारी तयारी मला माहीत आहे ती हीच.

तेव्हा अनोळखी खेळाडूंशी ऑनलाइन खेळायचे असेल, तर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ घ्या, पहिल्या दहा मिनिटांची चाल एकाच राष्ट्रासाठी पक्की करा आणि बाकीचे सामन्यावर सोडा. एकट्याने, रात्री जेवणानंतर निवांत खेळायचे असेल, तर ‘सिव्हिलायझेशन ६’ घ्या आणि पहिला डाव संपेपर्यंत काहीही वाचू नका. कमी-अधिक तयारीच्या मित्रांबरोबर खेळायचे असेल, तर प्रश्न एकट्याच्या पसंतीचा राहत नाही; एकाच्या तयारीमुळे बाकीच्यांची संध्याकाळ पंधरा मिनिटांत संपू शकते. आमच्या चौघांच्या गटात यावर दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे ‘एज ऑफ एम्पायर्स २’मधल्या ‘ब्लॅक फॉरेस्ट’सारखा दाट जंगलाचा नकाशा, जिथे वाटा अरुंद असल्याने लवकर हल्ला करणे अवघड जाते, आणि दुसरी म्हणजे पहिली वीस मिनिटे कोणी चढाई करायची नाही, हा सामन्याआधी सर्वांनी दिलेला शब्द.