मेशटॅस्टिक ट्रेक ग्रुपसाठी कसं आहे? पावसाळ्यापासून वापरतोय, जरा सविस्तर

मेशटॅस्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्क नसताना छोट्या रेडिओ डब्यांनी एकमेकांना मेसेज पाठवायची सोय, एकीचा मेसेज बाकीच्या डब्या रिपीट करून पुढे पाठवतात. रेंज किती मिळते हे सगळे आधी विचारतात म्हणून सांगून टाकतो, समोर मोकळं असेल तर भरपूर, मध्ये डोंगराची सोंड आली की खल्लास. पण खरी भानगड रेंजची नाहीच. सगळ्या डब्या एकाच चॅनलवर आणि कोणी कधी बोलायचं हे ठरवायला टॉवर वगैरे काही नाही, ते त्यांचं त्यांनीच ठरवायचं.

प्रत्येक डबी पाठवण्याआधी कान देऊन ऐकते, मोकळं दिसलं तरी थोडा रँडम वेळ थांबते मग सोडते, आणि चॅनलवर गर्दी असेल तर हे थांबणं वाढतं. पुढे पाठवायची पद्धत मला जाम आवडली, ज्याला सिग्नल कमजोर मिळाला तो बहुतेक लांबचा असणार म्हणून तो आधी रिपीट करतो, बाकीच्यांनी ते ऐकलं की ते गप्प.

आता राजगडावर काय होतं बघा. एकजण गुंजवणे बाजूने चढतोय, दुसरा पाली दरवाजाच्या बाजूने, मध्ये अख्खा गड. दोघांना एकमेकांचं ऐकूच येत नाही, दोघांनाही वाटतं हवा मोकळी आहे, आणि बालेकिल्ल्यावरच्या डबीवर दोन्ही मेसेज एकदम आदळतात. जोरातला एखादा वाचतो कधीकधी, नाहीतर दोन्ही गेले. ऐकून बोलण्याच्या पद्धतीत याला पक्का इलाज नाही, हवेत कमी वेळ राहणं एवढंच आपल्या हातात.

लाँगफास्ट या डिफॉल्ट स्पीड सेटिंगवर मोठा मेसेज जवळजवळ दोन सेकंद हवा अडवतो, शॉर्टफास्टवर तोच साधारण ०.१८ सेकंदात जातो, पण रेंज कमी होते. आम्ही मीडियमफास्टवर आलो. मराठीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा ३ बाइट खाते आणि मेसेजची मर्यादा दोनशेच्या आसपास बाइट, म्हणजे पासष्ट-सत्तर चिन्हांत आटपायचं. "पोचलो, पाणी आहे" बास.

सगळ्यात जास्त फरक पडला तो रोल (डबीने दुसऱ्याचं रिपीट कसं करायचं याचं सेटिंग) बदलल्यावर. एकत्र चालणाऱ्या घोळक्यात दोनतीन डब्या क्लायंट ठेवायच्या, बाकी क्लायंट म्यूट, म्हणजे त्या स्वतःचं बोलतात पण दुसऱ्याचं रिपीट करत नाहीत. आमच्यातल्या एका हौशी माणसाने सॅकमधली डबी राउटर करून ठेवलेली, ती दुसऱ्याचं ऐकून गप्प बसत नाही, दरीत असली तरी रिपीट करतेच आणि हॉप (मेसेजची एका डबीतून दुसरीत उडी, त्या मोजक्याच असतात) फुकट जातो. हॉप ३ पुरतात, ७ करायच्या भानगडीत पडू नका. चॅनल वापर २५ टक्क्यांच्या वर गेला की फर्मवेअर (डबीतलं सॉफ्टवेअर) स्वतःच लोकेशन आणि टेलिमेट्री (बॅटरी वगैरेची माहिती) मागे ठेवतं, पण तिथवर जाऊच कशाला द्यायचं, लोकेशनचा इंटरव्हल आधीच वाढवा.

घेताना ८६८ मेगाहर्ट्झवाली डबी बघून घ्या, ४३३ ची नको, रीजन भारत लावा (आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, लायसन्स लागत नाही) आणि अँटेना लावल्याशिवाय चालू करू नका.